तिसरा गोल आणि पाच तिकिटं

नमस्कार ताई,

गेली पाच वर्षं थोडे थोडे पैसे बाजूला टाकून आम्ही एक सहल ठरवली आहे. इंग्लंडला जायचं आणि एक फुटबॉल मॅच प्रत्यक्ष बघायची. नवरा लहानपणापासून मँचेस्टर युनायटेडचा. त्याला ओल्ड ट्रॅफर्डवर युनायटेड-लिव्हरपूलच बघायची आहे, दुसरी कुठलीही मॅच म्हणजे पैसे पाण्यात, असं त्याचं म्हणणं. 13 वर्षांची मुलगी शाळेच्या संघात मिडफिल्डला खेळते. तिला ही गोडी लावली माझ्या सासऱ्यांनी. 1966 च्या वर्ल्ड कप फायनलमधला इंग्लंडचा तिसरा गोल रेषेच्या आत होता की नाही, यावर आजोबा-नातीचा वाद आठवड्यातून एकदा तरी होतोच. 7 वर्षांच्या मुलाला मात्र फुटबॉलचं काही नाही. तो रेल्वेगाड्यांत रमतो आणि मोठ्या आवाजाला घाबरतो.

आता अडलंय ते असं. नवऱ्याला ओळखीच्या ओळखीतून एक माणूस भेटला आहे. पाच तिकिटं शेजारशेजारची देतो म्हणतो, पण निम्मे पैसे शुक्रवारपर्यंत पाठवायचे. मला धाकधूक वाटते. सासरे म्हणतात, 'माझे गुडघे आता साथ देत नाहीत, तुम्ही जाऊन या, मी टीव्हीवर बघेन.' नवरा म्हणतो, बाबाच नको म्हणतात तर आग्रह कशाला? आणि मुलाला स्टेडियममध्ये न्यावं, की मी त्याला घेऊन बाहेर थांबावं? मला ऑफसाइडसुद्धा अजून नीट कळत नाही, त्यामुळे या विषयात माझ्या बोलण्याला घरात वजन नाही. तुम्ही सांगा.

— पाचांपैकी एक

प्रिय पाचांपैकी एक,

शुक्रवारी पैसे पाठवू नका. पुढचं सगळं सावकाश वाचा, पण एवढं आज रात्रीच यजमानांच्या कानावर घाला.

इंग्लंडमध्ये फुटबॉलचं तिकीट परवानगीशिवाय विकणं हा 1994 च्या कायद्यापासून विकणाऱ्यासाठी गुन्हा आहे. दोन संघांचे पाठीराखे मैदानात वेगवेगळे बसवले जातात, आणि तिकिटं अशी हातोहात फिरली तर कोण कुठे बसणार यावर कुणाचाच ताबा राहत नाही. म्हणून तिथे हे इतकं गांभीर्याने घेतात. शिवाय मोठ्या क्लबांचं तिकीट आता बहुतेक फोनमध्ये असतं आणि ते सभासदाच्या खात्याशी जोडलेलं असतं. असा माणूस फार तर स्वतःचा फोन नाहीतर सभासदाचं कार्ड तुमच्या हातात देईल आणि मॅच झाल्यावर परत करा म्हणेल. क्लबला संशय आला आणि ते तिकीट रद्द झालं, की तुम्ही लहान मुलाला आणि म्हाताऱ्या माणसाला घेऊन गेटबाहेर उभे. पैसे बँकेतून गेलेले असतील, ते परत मागायचे कुणाकडे?

आणखी एक गोष्ट यजमानांना शांतपणे विचारा. युनायटेड-लिव्हरपूल ही वर्षातली सगळ्यात जास्त मागणी असलेल्या मॅचपैकी एक. ओल्ड ट्रॅफर्डवर साधारण 74 हजार लोक मावतात आणि त्यातल्या बहुतेक खुर्च्या सीझन तिकीटवाल्यांच्या असतात. उरलेल्यांसाठी क्लबचे सभासदच एकमेकांशी झटतात. अशा मॅचची पाच तिकिटं, तीही एका रांगेत, एका अनोळखी माणसाकडे कशी आली? ते इतक्या वर्षांचे युनायटेडवाले आहेत, हे गणित माझ्यापेक्षा त्यांना चांगलं कळतं. मनात आशा असली की माणूस गणित मांडत नाही, एवढंच.

सरळ वाटा दोन आहेत. क्लबचं सभासदत्व घेऊन क्लबच्याच संकेतस्थळावरून नशीब आजमावायचं, नाहीतर क्लबने अधिकृत नेमलेल्या कंपनीकडून तिकीट-जेवण असं महागडं पॅकेज घ्यायचं. पहिल्या वाटेने अशा मॅचची पाच तिकिटं एकत्र मिळणं जवळजवळ अशक्य. दुसरीने पाच वर्षांची साठवण एका दुपारी संपेल.

पण समजा, तिकिटं खरी मिळाली. तरी मी तुम्हाला लीगच्या मॅचवर अख्ख्या कुटुंबाची सहल बेतू देणार नाही. त्याचं कारण मी स्वतः भोगलं आहे. काही वर्षांपूर्वी वडिलांना घेऊन मी अशीच गेले होते. शनिवारची मॅच, रविवारी रात्रीचं परतीचं विमान. विमानाची तिकिटं परत न होणारी, कारण ती स्वस्त होती. प्रीमियर लीगचं, म्हणजे इंग्लंडमधल्या क्लबांच्या सर्वांत वरच्या स्पर्धेचं, वेळापत्रक जूनमध्ये जाहीर होतं, पण त्यातल्या तारखा पक्क्या नसतात हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं. टीव्हीवाले नंतर आपल्या सोयीने मॅच निवडतात आणि शनिवारची मॅच शुक्रवारी, रविवारी किंवा सोमवारी जाते. एखादा संघ कप स्पर्धेत पुढे गेला तरी तारीख हलते. आमची मॅच सोमवारी रात्री गेली. आम्ही रविवारी विमानात बसलो. वडील मला एका शब्दाने बोलले नाहीत. उलट, 'स्टेडियम बाहेरून तर बघितलं ना,' असं म्हणून माझीच समजूत काढत राहिले. ते वाक्य मला अजून टोचतं. पुढच्या वर्षी ते प्रवास करायच्या स्थितीत राहिले नव्हते.

तेव्हा मॅच कुठली बघायची, हा प्रश्न उलट्या बाजूने धरा. सर्वांत मोठी मॅच कोणती, हे विसरा. कुठल्या मॅचची तारीख आधीपासून पक्की असते, ती बघा. स्पर्धेच्या फायनलची असते. कोण खेळणार ते शेवटपर्यंत कळत नाही, पण कधी आणि कुठे हे बरेच महिने आधी ठरलेलं असतं. आणि तुमचं पत्र वाचता वाचता माझ्या डोळ्यांसमोर एकच मॅच आली, ती म्हणजे महिलांच्या एफए कपची, म्हणजे इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनच्या कप स्पर्धेची, फायनल. मे महिना, वेम्बली, लंडन.

यजमान कपाळाला आठ्या घालतील, माहीत आहे मला. त्यांच्याकडे येतेच. आधी बाकीच्या चौघांचं बघू.

तुमच्या सासऱ्यांचा तो तिसरा गोल वेम्बलीवरच झाला. 30 जुलै 1966. समोर पश्चिम जर्मनी, बरोबरी 2-2, एक्स्ट्रा टाइम चालू. जेफ हर्स्टचा फटका आडव्या बारवर आपटला, चेंडू खाली रेषेजवळ पडला आणि बाहेर उडाला. स्विस रेफरीला खात्री नव्हती. तो लाइन्समनकडे गेला. सोव्हिएत युनियनमधून आलेले ते लाइन्समन तोफिक बहरामोव, मूळचे अझरबैजानचे. त्यांनी गोल दिला. पुढे बाकूमधल्या स्टेडियमला त्यांचंच नाव मिळालं. इंग्लंड 4-2 ने जिंकलं आणि हर्स्टची हॅटट्रिक झाली, पण जगभरातल्या घरांतली भांडणं त्या तिसऱ्या गोलावरच राहिली. नातीच्या बाजूने एक मुद्दा देते, किंवा आजोबांच्या, कोण कुठल्या बाजूला आहे ते तुम्ही लिहिलं नाही. ऑक्सफर्डच्या दोन संशोधकांनी 1990 च्या दशकात त्या चित्रीकरणाचं मोजमाप केलं आणि चेंडू पूर्ण रेषेपलीकडे गेला नव्हता असा निष्कर्ष काढला.

तुमचे सासरे ज्या वेम्बलीविषयी बोलतात, ते स्टेडियम आता नाही. जुनं वेम्बली, ते दोन पांढरे मनोरे, सगळं 2003 पर्यंत पाडून झालं. त्याच जागी 2007 मध्ये नवं उभं राहिलं. 90 हजार खुर्च्या आणि वर 133 मीटर उंचीची कमान. हे त्यांना आधीच सांगा, नाहीतर तिथे पोचल्यावर मन खट्टू होईल. पण त्यांच्यासाठी तिथे दोन गोष्टी आहेत. बाहेर त्या 1966 च्या संघाचा कर्णधार बॉबी मूर याचा पुतळा उभा आहे. आणि आत तो क्रॉसबार आहे. खराखुरा, 1966 चा, ज्यावर चेंडू आपटला तोच. जपून ठेवला आहे आणि स्टेडियमच्या टूरमध्ये बघायला मिळतो. मॅचच्या दिवशी टूर नसते, म्हणून ती दुसऱ्या दिवसासाठी राखा आणि आरक्षण करताना 'क्रॉसबार टूरमध्ये दाखवतात ना' एवढं विचारून घ्या. आजोबा आणि नात त्या क्रॉसबारपाशी उभे राहून भांडताहेत, हे चित्र मला युनायटेड-लिव्हरपूलपेक्षा कितीतरी मोठं वाटतं.

आता मुलीचं. ती मिडफिल्डला खेळते, आणि तुमच्या घरात आजवर टीव्हीवर पुरुषांच्याच मॅच लागत असाव्यात, असा माझा अंदाज. तिला सांगा की 1920 च्या नाताळाच्या दुसऱ्या दिवशी लिव्हरपूलमधल्या गुडिसन पार्कवर 'डिक, कर लेडीज' या कारखान्यातल्या मुलींच्या संघाची मॅच बघायला 53 हजार लोक आले होते. पुढच्याच वर्षी, 5 डिसेंबर 1921 ला, फुटबॉल असोसिएशनने आपल्या क्लबांच्या मैदानांवर महिलांना खेळायला बंदी केली. म्हणे, हा खेळ बायकांना योग्य नाही. ती बंदी जवळजवळ पन्नास वर्षं टिकली. लिहिताना आजही माझा संताप होतो. किती जणींची उमेदीची वर्षं गेली, त्याचा हिशेब कुठेच नाही. महिलांच्या या कपची पहिली फायनल 1971 मध्ये झाली. ती वेम्बलीवर यायला 2015 उजाडावं लागलं. त्या वर्षी 30,710 लोक आले. 2023 च्या फायनलला 77,390. तुमची मुलगी त्या 77 हजारांसारख्या गर्दीत बसून आपल्याच जागी खेळणारी मिडफिल्डर बघेल. टीव्हीवर कॅमेरा चेंडूमागे पळतो. चेंडू लांब असताना मिडफिल्डर कुठे सरकते, मान वळवून किती वेळा मागे बघते, हे फक्त मैदानात दिसतं. तिला सांगा, पंधरा मिनिटं चेंडू सोडून एकाच खेळाडूकडे बघत राहा. कोच वर्षभर जे ओरडून सांगतो ते तिला आपोआप उमगेल.

आता यजमान. त्यांना तीन वर्षं सांगा: 2023, 2024, 2025. या तिन्ही वर्षी महिलांच्या एफए कपच्या फायनलला मँचेस्टर युनायटेड होती. 2023 ला आणि 2025 ला चेल्सीकडून हरली, पण 2024 ला टॉटनहॅमला 4-0 ने हरवून त्यांनी कप उचलला. पुढच्या खेपेला युनायटेड असेलच असं कुणी सांगू शकत नाही, पण लाल जर्सी घालून वेम्बलीच्या रस्त्याने जायची संधी त्यांना या वाटेनेही आहे. आणि ओल्ड ट्रॅफर्ड त्यांनी सोडायचं नाही. लंडनच्या यूस्टन स्टेशनवरून मँचेस्टर रेल्वेने दोन-सव्वादोन तासांवर आहे. तिथे मुक्काम करा आणि स्टेडियमची टूर करा. बाहेरच्या भिंतीवरचं म्युनिकचं घड्याळ बघायला त्यांना एकट्याला थोडा वेळ द्या. 6 फेब्रुवारी 1958 ला म्युनिकमध्ये झालेल्या विमान अपघातात युनायटेडचे आठ खेळाडू गेले, एकूण 23 माणसं गेली. जन्मभराच्या युनायटेडवाल्याला त्या घड्याळाखाली कुणी बोलायला नको असतं. नॅशनल फुटबॉल म्युझियमही मँचेस्टर शहरातच आहे, ते आजोबांना आणि मुलीला अर्धा दिवस पुरेल.

त्यांचं स्वप्न मी छाटते आहे असं त्यांना वाटू नये. युनायटेड-लिव्हरपूल त्यांनी जरूर बघावी, पण एकट्याने किंवा मित्राबरोबर, सभासदत्व घेऊन, हलत्या तारखांचा धोका स्वतःपुरता पत्करून. पाच जणांवर तो धोका टाकू नये.

आता सासऱ्यांच्या गुडघ्यांकडे येऊ, कारण मला तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तेच वाटलं. 'तुम्ही जाऊन या' हे म्हणणारा माणूस नको म्हणत नसतो. तो आपला त्रास दुसऱ्याला होईल म्हणून मागे सरकत असतो. माझे वडील असेच होते. तेव्हा गुडघ्यांचा बंदोबस्त आधी करा आणि मगच त्यांच्याशी बोला. सोय झालेली दिसली की त्यांचं अर्धं ओझं उतरेल.

विमान कंपनीला निदान 48 तास आधी कळवलं की विमानतळावर व्हीलचेअर आणि मदतनीस मिळतो, त्याचे वेगळे पैसे पडत नाहीत. चालता येत असलं तरी घ्या. मोठ्या विमानतळावर चालणं फार होतं आणि रांगेत उभं राहणं त्याहून वाईट. स्टेडियममध्ये जागा खालच्या मजल्यावरची, कडेची आणि ज्या दाराने आत येणार त्या पातळीच्या जवळची मागा. वरच्या मजल्यांवर सरकते जिने आहेत, पण आत शिरल्यावर रांगांमधल्या पायऱ्या उंच आणि उभ्या असतात, त्या गुडघ्यांना झेपायच्या नाहीत. तिकीट काढण्याआधी स्टेडियमच्या अपंग आणि वयस्कर प्रेक्षकांसाठीच्या विभागाला ईमेल करून अडचण स्पष्ट लिहा. संकोच करू नका, तो विभाग त्यासाठीच आहे. व्हीलचेअरच्या जागा आणि सोबतच्या माणसाची जागा वेगळी असते, आणि त्या आधी संपतात. वयस्कर माणसाला आणखी एक चिंता असते जी तो कधी बोलून दाखवत नाही, ती म्हणजे बाथरूम. वेम्बलीत 2,618 शौचालयं आहेत. गप्पांच्या ओघात हा आकडा त्यांच्या कानावर जाऊ द्या.

प्रवासाचा विमा घेताना त्यांचे सगळे जुने आजार लिहा, लपवलेला आजार निघाला तर कंपनी पैसे देत नाही. औषधं हातातल्या बॅगेत ठेवा, सोबत डॉक्टरांची चिठ्ठी. आणि पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी मॅच ठेवू नका. मध्ये तीन दिवस तरी राहू द्या, झोप जुळायला तेवढे लागतात. मॅच संपल्यावर लगेच उठायचं नाही. सगळे स्टेशनकडे धावतात, त्या लोंढ्यात गुडघे आणि लहान मूल दोन्ही सांभाळणं कठीण. कप देण्याचा सोहळा शेवटपर्यंत बघा, मुलीला तो हवाच असेल, तोवर गर्दी बरीच ओसरलेली असेल.

धाकट्याला बाहेर ठेवायचं की आत न्यायचं? मी न्यायच्या बाजूने आहे, पण तयारी करून. कानांवर लावायचे आवाज कमी करणारे हेडफोन घ्या आणि ते घरी टीव्हीसमोर, मग एखाद्या गजबजलेल्या ठिकाणी लावून बघा. गोल झाला की 70 हजार माणसं एकदम ओरडतात हे त्याला आधी सांगून ठेवा. अचानक आलेल्या आवाजाची भीती जास्त, माहीत असलेल्याची कमी. महिलांच्या मॅचला लहान मुलं आणि कुटुंबं पुष्कळ असतात, दोन्ही संघांचे लोक बरेचदा शेजारीच बसलेले असतात, वातावरण मोकळं असतं. मोठ्या वैराच्या मॅचला सात वर्षांच्या या मुलाला न्या असं मी म्हटलं नसतं. तरीही तो रडवेला झालाच तर कुणी उठायचं, हे मोठ्यांनी आधी ठरवून ठेवा. एकदा बाहेर पडल्यावर सहसा परत आत सोडत नाहीत, त्यामुळे तो निर्णय ऐन वेळी, दोघांनी एकमेकांकडे बघत घ्यायचा नाही. आणि दर वेळी तुम्हीच उठायचं असंही नाही. तुमच्याकडेही तिकीट आहे.

पण त्याची खरी मजा मॅचच्या आधी आहे. वेम्बली पार्क स्टेशनला मेट्रोपॉलिटन लाइन जाते. जगातली पहिली भुयारी रेल्वे 1863 मध्ये लंडनमध्ये सुरू झाली, तिचीच ही वंशावळ. मॅचला जायचा रस्ता हीच त्याची मॅच. डॉकलंड्स लाइट रेल्वेच्या गाड्यांना पुढे ड्रायव्हरची खोली नसते, सर्वांत पुढच्या खिडकीशी बसलं की रूळ आपल्याकडे धावत येतात. एक अख्खी सकाळ त्याला तिथे बसू द्या. कॉव्हेंट गार्डनला ट्रान्सपोर्ट म्युझियमही आहे. आणि 11 वर्षांखालची मुलं मोठ्या माणसाबरोबर लंडनच्या ट्यूबने, म्हणजे भुयारी रेल्वेने, फुकट जातात, त्यामुळे तो म्हणेल तितक्या वेळा चढा-उतरायला हरकत नाही.

क्रम मात्र चुकवू नका. आधी फायनलची तारीख बघा. मग शाळा-कचेरीच्या सुट्ट्या. मग रद्द करता येणारं हॉटेल. ब्रिटनच्या व्हिजिटर व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या तीन महिने आधीपासून करता येतो, निर्णयाला साधारण तीन आठवडे लागतात, आणि पाचही जणांचे अर्ज वेगवेगळे, धाकट्याचासुद्धा. युरोपचा शेंगेन व्हिसा तिथे चालत नाही. मॅचचं तिकीट हातात आहे म्हणून व्हिसा मिळतो असंही नाही, पैसे कुठून आले आणि परत येणार कशासाठी हेच ते बघतात. मॅचची तिकिटं फुटबॉल असोसिएशनच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्या, त्यासाठी आजच नाव नोंदवून ठेवा. विमानाची तिकिटं थोडी महाग पडली तरी तारीख बदलता येणारी घ्या.

राहता राहिलं तुमच्या बोलण्याला वजन नसणं. धोका तुम्हालाच वेळेवर दिसला, बाबांचं वाक्य तुम्हालाच ऐकू आलं, धाकट्याची भीती तुम्हीच लिहिलीत. ऑफसाइड वेम्बलीवर मुलगी समजावेल, कॉफीचे दोन पेले आणि साखरेच्या पुड्या मांडून समजतं ते.

सासऱ्यांना 'येता का' असं विचारू नका, ते नाहीच म्हणणार. त्यांना म्हणा, 'बाबा, तो 1966 चा बार अजून वेम्बलीत आहे म्हणे. तिथे उभं राहून मला तो गोल एकदा नीट समजावून सांगाल?' आणि विचारण्याआधी त्यांच्या कपाटातला पासपोर्ट काढून त्याची मुदत कधी संपते ते बघून ठेवा.